कृत्रिम खुब्याचा दांडा सरकला म्हणजे ढिला झाला असं नाही

सिमेंटने बसवलेला कृत्रिम खुबा दहा वर्षांत ढिला होतोच असं म्हणतात, ते सरसकट पटत नाही. दांडा (मांडीच्या हाडात बसवतात तो भाग) कोणत्या जातीचा, हे बघावं लागतं. इथे सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या आमच्या आत्याच्या रिपोर्टात 'दांडा किंचित खाली सरकला' असं आलं आणि घरात रडारड. डॉक्टरांनी एक्सरे उजेडावर धरून दाखवला: सिमेंट पांढरं दिसतं (त्यात बेरियम मिसळतात), दांडा त्या सिमेंटच्या आत जरासा रुतलेला, पण सिमेंट आणि हाडाच्या मध्ये काळी रेघ कुठेच नाही. ढिलेपणाची खूण म्हणून बघायची ती रेघ.

गुळगुळीत, निमुळत्या दांड्याचं तंत्रच ते. थोडा रुततो आणि पाचरीसारखा आवळून बसतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात तयार झालेला, त्याच नावाचा दांडा १९७० मध्ये असाच गुळगुळीत निघाला. १९७६ ला पृष्ठभाग खरबरीत केला, तर ढिले होण्याचं प्रमाण उलट वाढलं, आणि १९८६ ला मुकाट्याने परत गुळगुळीतवर आले. वाटीचं (कमरेच्या हाडात बसवतात त्या भागाचं) दुखणं वेगळं. तिथलं प्लॅस्टिक झिजतं, त्या कणांमुळे भोवतालचं हाड विरतं, आणि बराच काळ काही दुखतसुद्धा नाही. तेव्हा डॉक्टर सांगतील तेव्हा एक्सरे काढाच, आणि जुन्या फिल्म रद्दीत घालू नका, त्यांच्याशी ताडल्याशिवाय किती सरकलं ते कळत नाही.