मदत हवी आहे: आईला झोलेड्रोनिक ॲसिड सुरू होतंय, पण दाढ हलतेय

नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो, आईचे उपचार परळला चालू आहेत. ब्रेस्ट कॅन्सर, वय ६८, वजन ५२ किलो. बोन स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात डाग दिसले, म्हणून हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, दर ४ आठवड्यांनी शिरेतून द्यायचं ठरलंय. पहिला डोस येत्या गुरुवारी.

अडचण दाढेची. खालची डावी दाढ हलते, हिरडी दाबली की पू येतो. आई भाकरी आमटीत कुस्करून उजव्या बाजूने खाते आणि म्हणते, "दाढेचं नंतर बघू, आधी मोठं दुखणं." डेंटिस्ट म्हणतात काढावीच लागेल, पण कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ओपीडीची तारीख गुरुवारनंतरची आहे.

आधी दाढ की आधी सलाईन? थांबलो तर हाडांचं नुकसान होईल का, याची धास्ती वाटते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.३ आहे, पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेते. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी डे केअरला, म्हणजे कॅन्सरची सलाईन देतात त्या विभागात, सिस्टर आहे. गुरुवारची वाट बघू नका, उद्याच डे केअरला फोन करून दाढेचं सांगा. पू येतोय हे नक्की सांगा. शक्यतो दाढ आधी काढतात, हिरडी भरली की मग सलाईन. हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. नंतर दाढ काढली तर जखम न भरण्याचा, जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो. काही आठवडे थांबणं बहुतेकांना चालतं. पण रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरच ठरवतील. चिठ्ठी अडली तर मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलला सगळी फाईल घेऊन जा.

मला दाढेइतकीच काळजी किडनीची वाटते. १.३ आकडा किरकोळ दिसतो, पण काकूंचं वय आणि वजन धरून क्लिअरन्स (किडनी रक्त किती साफ करते तो आकडा) काढला तर ३५ च्या आसपास येतो. ६० किंवा त्याखाली असेल तर डोस कमी करतात, ३० च्या खाली सहसा देतच नाहीत. ४ मिलिग्रॅम हा हिशेब धरून लिहिलंय का, ते विचाराच. डायक्लोफेनॅक किडनीला जड, त्याबद्दलही आत्ताच बोला. प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन हवंच, आणि सलाईन १५ मिनिटांपेक्षा घाईत नको.

पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका. तोंडाभोवती मुंग्या आल्या किंवा हातपाय वळले तर मात्र लगेच कळवा, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं.

धागाकर्ती
सिस्टर, खूप आभार. क्लिअरन्सचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. सकाळी फोन करते. एकच विचारायचं राहिलं: हिरडी पूर्ण भरली हे डेंटिस्टकडून लिहून आणायचं का, की डे केअरला बघतील?

प्रतिसाद १
लिहूनच आणा, तारखेसकट. आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.