भरतीचं कोडं: डिफिकल्टी दीड की साडेतीन?

कातळवाट, रत्नागिरी

माझ्या एका मित्राने रत्नागिरीजवळ मिस्टरी कॅश रचली आहे. प्रसिद्ध करण्याआधी सोडवून बघ म्हणून त्याने ती मला पाठवली, आणि आमचं वाजलं ते डिफिकल्टीच्या आकड्यावरून.

जिओकॅशिंग न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी डबा (त्यालाच कॅश म्हणतात) लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात आणि आतल्या वहीत सही करतात. मिस्टरी प्रकारात जाहीर केलेला बिंदू नावापुरता असतो, खरी जागा कोडं सुटल्यावरच कळते. कॅशला मालक दोन आकडे देतो, एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. डिफिकल्टी म्हणजे सोडवायला आणि शोधायला किती जड, टेरेन म्हणजे तिथवर पोचायला किती जड.

कोडं असं आहे (तिथींचा क्रम बदलून देते): ‘चतुर्थीला नाखव्याने होडी लोटली, अष्टमीला जाळी भरली, द्वादशीला मासळी उतरवली. तिन्ही वेळा पाणी पूर्ण भरलेलं होतं.’ यातून अक्षांशाच्या मिनिटाचे शेवटचे तीन आकडे काढायचे. बाकी सगळे आकडे दिलेले आहेत.

किनाऱ्यावर वाढलेल्याला हे लगेच कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, बारा पाऊण नऊ. म्हणून ३६९. मित्र म्हणतो दीड, मी म्हणते साडेतीन. ज्याला किल्ली माहीत आहे त्याच्या घड्याळाने कुलूप किती पक्कं हे मोजता येत नाही. आकडा अनोळखी माणसासाठी असतो. आमच्यासाठी नसतो.

खाडीकाठ, रत्नागिरी

तो मित्र मीच. अगं, दीड मी उगाच म्हणत नाही. बंदरावर दहावीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि मला एक सांगा, मोर्स किंवा ब्रेलचं कोडं आलं की पुण्या-मुंबईचे कॅशर, म्हणजे हा खेळ खेळणारे, बिनदिक्कत दोन देतात. का? तर ते त्यांच्या सवयीचं आहे. आमच्या बंदरावरच्या मुलाने मोर्स बघितलेलंही नसतं, पण त्याच्यासाठी कोणी चार करत नाही. मग भरतीचं गणित आलं की लगेच ‘खास ज्ञान’ कसं होतं? कॅश कोकणात आहे, कोडं कोकणाचं आहे. नाही येत तर जेटीवर जाऊन विचारा. इथल्या माणसाशी बोलायला लागावं म्हणूनच तर ते रचलंय.

सह्यभटक्या, पुणे

मोर्सशी तुलना जुळत नाही. टिंब-रेघ दिसली की हे मोर्स आहे एवढं तरी कळतं, पुढे तक्ता शोधायला पाच मिनिटं लागतात. इथे काय शोधायचं हेच कळत नाही. मी वरचं कोडं उत्तर न वाचता करून बघितलं. आधी ४, ८, १२ घेतले, तर चार आकडे झाले, बसेनात. मग पंचांग काढलं, पण महिना दिलेला नाही, शुद्ध की वद्य तेही नाही. मनानेच एक चतुर्थी धरली आणि भरतीचं वेळापत्रक उघडलं, तर तीनच्या आधीचीच वेळ आली. आता दोन लिहू की तीन? संध्याकाळ गेली आणि उत्तर खाली वाचावं लागलं. असल्या कोड्याला दीड देणं म्हणजे येणाऱ्याची फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

गुहागरचा मास्तर

सह्यभटक्यांनी नकळत खरी गोष्ट पकडली. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. मालवणला आणि मुंबईला भरतीची वेळ एक नसते. हिशेब सगळीकडे एकच उत्तर देतो, वेळापत्रक प्रत्येक बंदराचं वेगळं देतं. म्हणजे दोन प्रामाणिक वाटांनी दोन उत्तरं येतात. याला अवघड म्हणत नाहीत, संदिग्ध म्हणतात, आणि संदिग्धपणा आकडा वाढवून भरून निघत नाही. पाच दिलात तरी कोडं तेवढंच सदोष राहील. आधी कोडं नीट करा, मग आकड्यावर भांडा. नावातच ‘पाऊण भरती’ असं काही आणलंत तरी काम होईल.

बाकी रचणाऱ्याने चार, आठ, बारा घेतले हे मला फार आवडलं. दशमी घेतली असती तर साडेसात आले असते. फक्त चारच्या पटीतल्या तिथी का, असं ज्याच्या मनात येईल त्याला वाट दिसते. विचारपूर्वक रचलेलं कोडं आहे.

चौल-रेवदंडा

मी मुलांना घेऊन खेळते. आम्ही दोनपर्यंतच्याच कॅश निवडतो आणि सुट्टी त्यावर बेततो. दीडचा आकडा बघून एखादं कुटुंब एप्रिलच्या उन्हात रत्नागिरीला येणार, चुकीच्या बिंदूवर करवंदीच्या जाळ्यांत ओरबाडून घेणार आणि लॉगमध्ये ‘सापडला नाही’ लिहून परतणार. निदान उत्तर तपासायचा चेकर तरी लावा. खरी जागा जाहीर बिंदूपासून ३.२ किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि किनाऱ्यावर त्यातला बराच भाग समुद्रातच जातो, एवढा आधार आहे. पण इथे रेखांश दिलेलाच आहे. नुसते शेवटचे तीन आकडे चुकले तरी दक्षिणोत्तर सुमारे १.८५ किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही जाल.

देवगडकर

मी खाडीकाठच्या बाजूने. सगळ्यांनी आकडा वर ढकलायचा धडाका लावलाय, पण त्याचा तोटा कोणी बोलत नाही. आपल्याकडे कॅश तुरळक, खेळणारे त्याहून तुरळक. साडेतीन दिसलं की नवा माणूस पानही उघडत नाही. येतात ते डिफिकल्टी-टेरेनच्या ८१ जोड्यांचा तक्ता पुरा करणारे. त्यांना भरतीशी देणंघेणं नसतं, चौकोन भरला की झालं. हा खेळ मे २००० मध्ये ओरेगनच्या रानात ठेवलेल्या एका बादलीपासून सुरू झाला. त्यातली गंमत माणसाने घराबाहेर पडण्यातच आहे. दोन द्या आणि हिंट चांगली द्या.

कातळवाट

देवगडकर, हिंट चांगली दिली तर दोन मीही मान्य करेन. पण मग हिंट धरून दोन, हिंट सोडून नाही, हे तुम्हालाही मानावं लागेल.

मोर्सचा मुद्दा मात्र मला मनापासून पटतो. शहरी सवयीचं ते सोपं आणि आपलं ते ‘खास’, हे चालणार नाही. पण त्यावर उपाय आपणही तसंच वागणं हा नाही. माझं म्हणणं, किनाऱ्याबाहेरच्या दोघातिघांना कोडं द्यावं. त्यांना आकडा विचारायचाच नाही. किती वेळ लागला आणि कुठे अडलात, एवढंच विचारायचं. आकडा विचारला की माणूस स्वतःची हुशारी जपून बोलतो. किती वेळ लागला हे मात्र बहुतेक जण खरं सांगतात.

खाडीकाठ

मास्तरांचं ऐकतो. नावात ‘पाऊण’ येईल, चेकरही लावतो. वेळापत्रकाने वेगळी वेळ येते हे माझ्या डोक्यातच नव्हतं, कारण आमच्याकडे तिथी बघून निघतात, वेळापत्रक कोण उघडतो. पण एवढं केल्यावर अडीचच्या वर जाणार नाही. जेटीवर दोन शब्द विचारायला माणसाला जड वाटत असेल, तर ते कोड्याचं काठिण्य नव्हे.

सह्यभटक्या

जेटीवर विचारायला आधी जेटीवर यावं लागतं. पुण्याहून सहा-सात तास. कोडी घरी बसून सोडवतात, मग निघतात. ‘पाऊण’सकट तीन. माझ्या ओळखीच्या दोघांना नवं कोडं पाठवा, दोघेही घाटावरचे आहेत.

खाडीकाठ

पाठवतो. त्यांना वेळ लावून बसायला सांगा, आणि पाऊणकी येते का तेही विचारा.