मदत हवी आहे : महापालिकेच्या बजेटमध्ये कलेसाठी तरतूद कशी मागायची?

नमस्कार मंडळी. आमच्या भागातली हौशी नाट्यसंस्था आणि दोन-तीन गायन क्लास मिळून नाशिक महापालिकेला निवेदन द्यायचं ठरवतोय. पुढच्या बजेटमध्ये तालमीच्या जागांसाठी आणि नवोदितांच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र तरतूद हवी, एवढीच मागणी आहे. आत्ता आमची तालीम सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालते. गाडी आली की नेपथ्याच्या खुर्च्या उचलायच्या, मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून. कुसुमाग्रजांच्या गावात हे बघवत नाही.

अडचण अशी की महापालिका अधिनियमाच्या कलम 66 प्रमाणे ग्रंथालयं, संग्रहालयं वगैरे कामं ऐच्छिक आहेत. पाणी, गटार, रस्ते बंधनकारक. त्यामुळे काटछाट झाली की कात्री आधी इथेच लागते, असं मला वाटतं. म्हणून नुसतं 'कलेला पैसे द्या' म्हणून भागणार नाही, आकडे हातात हवेत.

माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकणार आहे, उत्तराची मुदत 30 दिवस. पण नेमकं काय मागू? कालिदास कलामंदिर आणि फाळके स्मारकाचा देखभाल खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात) दाखवतात? तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, दोन्ही वर्षवार मिळतात का?

निवेदन आधी आयुक्तांना द्यावं की आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना? साधारण कोणत्या महिन्यापर्यंत पोहोचलं तर उपयोग होतो? कुणी असा पाठपुरावा केला असेल तर मसुदा दाखवा, प्लीज. सह्या गोळा करायला माणसं तयार आहेत.