अनुभव धागा : तुमच्या जवळचं तळं

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 सालिम अलींच्या. त्या निमित्ताने हा धागा. भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेत. मला ऐकायचंय ते जवळच्या पाण्याबद्दल: गावचा पाझर तलाव, शहरात कसंबसं उरलेलं तळं, धरणाच्या फुगवट्याचा एखादा कोपरा. कधी जाता, कुठे उभे राहता, काय दिसतं, काय दिसेनासं झालं? फोटो नसले तरी चालतील, तपशील मात्र भरपूर येऊ द्या.

नाशिकहून

नांदूर मध्यमेश्वर काही लहान नाही. 2020 साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते. पण आम्ही निफाडकडचे लोक घरचं तळं असल्यासारखेच जातो. गोदावरी-कादवेच्या पाण्यावर जुना बंधारा आहे, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे नुकसान, पण इथली सगळी दुनिया त्या गाळावर उभी आहे. चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी पाहा, पाण्याची खोली पक्ष्यांवरून कळते. चिखलात धोबी आणि तुतवार, घोटाभर पाण्यात शेकाटे, त्यापुढे चमचे, चोच डावीकडून उजवीकडे फिरवत चालणारे. खोल पाण्यात पाणकावळे बुड्या मारतात.

एक गोष्ट जरूर पाहा. दलदली हारीण (हा शिकारी पक्षी) पाण्यालगत उडत फिरू लागली की बदकं उठतात, पण चांदवे उडत नाहीत. लांबलांब पसरलेले असतात, ते भराभर एकमेकांजवळ सरकतात आणि पाण्यावर एकच काळा गठ्ठा होतो. हारीण त्यावर घिरट्या घालते, एखादा मागे राहिलाय का बघते, आणि बहुतेक वेळा तशीच निघून जाते. हे पाहायला दुर्बीणही लागत नाही.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया

आमच्याकडे तलाव मोजायचे म्हटलं तर दिवस जाईल. मोठे ते मालगुजारी तलाव, लहान त्या बोड्या. कोहळी समाजाने बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. सारस पाहायला लोक लांबून येतात. आपल्या राज्यात तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात राहिलाय. माणसाएवढा उंच पक्षी, बांधीत जोडीने उभा राहून दोघं मान वर करून एकसुरात ओरडतात, ते ऐकल्यावर दुसरं काही नको वाटतं.

पण मला सांगायचंय ते पाण्याखालचं. मधल्या काळात कित्येक तलावांत बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली. पाण्यातलं गवत, कंद, देवधान गेलं, मासळी घटली, पाखरंही कमी झाली. मग आमच्या तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायकांनी पाण्यात उतरून बेशरम उपटली, तळ नांगरला आणि जुन्या पाणवनस्पती हाताने लावल्या. कोणतं गवत कुठल्या माशाला लागतं हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे आलात तर नुसती पाखरं बघून परत जाऊ नका, तलावावर मासे धरणाऱ्यांशी बोला.

माण, सातारा

माझं तळं पावसाळ्यानंतर चार-पाच महिनेच असतं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी दुष्काळी कामावर खोदलेला पाझर तलाव. आजीनं तिथे पाट्या वाहिल्यात. पक्षी असतात, पण मी जातो चतुर आणि टाचण्यांसाठी. सप्टेंबरात ऊन वर आल्यावर काठच्या लव्हाळ्याच्या काड्या जवळून बघा, चतुराची कात चिकटलेली सापडते. पाण्यातली अळी काडीवर चढते, पाठ उकलते, आतून पंखवाला बाहेर पडतो. मागे राहिलेल्या पोकळ कातीत डोळ्यांचे फुगवटेही जसेच्या तसे असतात. मुलांना न्यायचं असेल तर ही जागा उत्तम. पहाटे उठवावं लागत नाही आणि गप्प बसवावंही लागत नाही.

गोवा

करमळी. कोकण रेल्वेच्या स्टेशनाला लागूनच तळं आहे, गाडी पकडायच्या आधी तासभर हातात ठेवा. शिट्ट्या घालत उडणाऱ्या अडया (बदकं), वनस्पतींवर लांब बोटं टाकत चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. रस्त्यावरूनच सगळं दिसतं, चिखलात उतरायची गरज नाही.

पुणे

माझा अनुभव दुखरा आहे. आमच्या भागातल्या तळ्याचं सुशोभीकरण झालं. भोवती दगडी पिचिंग, ट्रॅक, रात्रभर दिवे. पाणी आहे तेवढंच आहे, स्वच्छही दिसतं, पण काठ गेला. आधी जमीन हळूहळू पाण्यात उतरायची, आता दगड संपला की एकदम खोल. नाशिककरांनी लिहिलेले चिखलातले आणि घोटाभर पाण्यातले पक्षी आमच्याकडून बाहेर पडले. पाणकणसं काढली तशा टिबुकल्याही गेल्या. त्यांचं घरटं तरंगतं, पाणकणसाला अडकवून ठेवलेलं. मादी उठताना ओलं शेवाळ ओढून अंडी झाकायची, बघणाऱ्याला वाटावं नुसता कचरा तरंगतोय. काम करणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार.

लंडनहून

पुणेकर, काठ परत आणता येतो. इथलं वॉल्थमस्टो म्हणजे शहराला पिण्याचं पाणी पुरवणारे दहा जलाशय, सगळे माणसानं बांधलेले. 2017 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, आणि त्यातल्या काही जलाशयांत कडेला मुद्दाम बोरूसारख्या उंच गवताचे पट्टे तयार केलेत. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात हे जमतं, तर तुमच्या तळ्यात का जमू नये?

पुणे, पुन्हा

धन्यवाद, हे फार उपयोगी आहे. आमच्या तळ्याचा उत्तरेचा काठ अजून कच्चा आहे. तिथे आम्ही शेजारी मिळून रविवारी नोंदी ठेवतोय: पक्षी, संख्या, पाण्याची पातळी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेतही हे तळं घालणार आहोत. तो काठ जसा आहे तसा ठेवा, असा अर्ज या नोंदी जोडून द्यायचाय. माणच्या दादांनी सांगितलं तसे चतुरही आता यादीत घेतो. कुणी आपल्या तळ्यासाठी असा अर्ज केला असेल तर मसुदा इथे टाका.