नोटीस आली म्हणून गप्प बसायचे का?

शाहूपुरीकर
"न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत कोणत्याही कंपनीला फसवी म्हणू नये, आणि म्हटलेच तर नोटिशीबद्दल रडू नये," असे काल इथे एका सदस्याने लिहिले. ती कंपनीची कायदेशीर नोटीस मलाच आली आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

कोल्हापुरात ताराराणी चौकाजवळच्या एका बैठकीत दरमहा दहा टक्के परताव्याचे टोकन, म्हणजे कंपनीने स्वतः काढलेले आभासी नाणे, विकले जात होते. नफा कुठून येतो, हे टोकन कंपनीच्या अॅपखेरीज आणखी कुठे विकता येते आणि मार्च 2023 पासून आभासी चलनाच्या व्यवसायाला वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जी नोंदणी लागते ती आहे का, एवढे तीन प्रश्न मी लिहिले. आठ दिवसांनी पोस्टाने कंपनीच्या नोटिशीचे पाकीट आले. सही आईने केली आणि ती दिवसभर जेवली नाही. सात दिवसांत मजकूर काढा, बिनशर्त माफी मागा, अन्यथा 1 कोटीचा दावा. त्या चार पानांत माझ्या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या योजनेने 18 महिने दरमहा 10 टक्के देण्याचे वचन दिले होते आणि पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप हे स्वतःचेच टोकन लोकांच्या गळ्यात मारले. तिचा सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक झाली ती 2018 मध्ये. त्याआधी ज्यांना शंका आली, ते सगळे बोलले असते तर किती घरे वाचली असती?

मार्केट यार्ड
मी दीड वर्ष याच योजनेत आहे आणि दर सोमवारी माझ्या खात्यात पैसे येतात. तुमच्या लिखाणाने घाबरून सगळे एकाच दिवशी पैसे मागायला धावले, तर उद्या चांगली पतसंस्थासुद्धा उभी राहणार नाही. ते नुकसान तुम्ही भरून देणार आहात का?

कागलची लेक
पतसंस्थेने कर्जे दिलेली असतात, तिची वसुली होते. इथे नव्या माणसाचे पैसे जुन्याला जातात, एवढाच धंदा आहे. माझ्या वडिलांचा आयडी माझ्याच मावसभावाने लावला, म्हणजे त्यांना स्वतःच्या खाली सभासद केले. उसाचे बिल आणि निवृत्तीचे पैसे मिळून सहा लाख गेले. अॅपमध्ये आकडा रोज वाढत होता, पण काढायला गेले की "देखभाल सुरू आहे" एवढीच ओळ दिसे. वडील अजूनही पहाटे चष्मा लावून तीच ओळ वाचतात. मावसभाऊ मात्र लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसतो. आधी अशांवर गुन्हे दाखल करा.

शिरोलीचा कामगार
ताई, तसल्याच एका दुसऱ्या योजनेत मी बारा जणांना जोडले होते. माझेही चार लाख बुडाले, बायकोचे गंठण गहाण पडले आहे. मलाही फसवलेच ना? मला लुटारूंच्या रांगेत बसवू नका.

कागलची लेक
त्या बारा जणांमागे तुम्हाला कमिशन मिळाले की नाही, तेवढे सांगा. मिळाले असेल आणि ते त्यांना परत केले नसेल, तर तुमच्या गंठणाचे दुःख मला ऐकवू नका.

शिरोलीचा कामगार
अडतीस हजार मिळाले. दोघांना परत केले आहेत, बाकीचे फेडतो आहे. तुम्ही न विचारता कुणालाही चोर ठरवता.

बावड्याचा वकील
दोघांनीही शांत व्हावे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा 1978 चा कायदा योजना चालवणाऱ्यापुरता थांबत नाही. सभासद होणे आणि भाग घेणे यांवरही तो बंदी घालतो. म्हणून आयडी लावणाऱ्याची सुटका नाही, पण ज्याचा आयडी लागला तोही तक्रार करायला घाबरतो, आणि कंपनीच्या वकिलांना हे पक्के ठाऊक असते.

आता मूळ मुद्दा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये सत्य आणि लोकहित ही दोन्ही दाखवता आली, तर ती बदनामी ठरत नाही. ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी ही कंपनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये सांगितले की सुनावणीआधी मजकूर काढायला लावणे अपवादानेच व्हावे. मात्र शाहूपुरीकरांनी शीर्षकात "चोरांची टोळी" लिहिले, ते चूक होते. प्रश्नांना कागदांचा आधार होता, त्या दोन शब्दांना नव्हता.

मार्केट यार्ड
मग पोलिसांकडे जा, इथे का लिहिता? शिवाय योजना बुडाल्याखेरीज पोलीस तक्रार घेत नाहीत, हे आम्हालाही कळते.

बावड्याचा वकील
ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा पैसे थकल्यावर लागू होतो, हे खरे आहे. पण 2019 च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित, म्हणजे परवानगीशिवायच्या, ठेवी मागण्यावरच बंदी आहे. त्याआधीही नवी मुंबई पोलिसांनी एप्रिल 2017 मध्ये वनकॉइन या बनावट आभासी चलनाच्या बैठकीवर छापा घालून 18 जणांना पकडले होते. त्याची संस्थापक रुजा इग्नातोव्हा बेपत्ता झाली ती त्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

शाहूपुरीकर
शीर्षक आज बदलले. ते दोन शब्द रागाच्या भरात लिहिले गेले, हे मान्य करतो. तिन्ही प्रश्न तसेच ठेवले आहेत आणि नोटिशीचे उत्तर वकिलांमार्फत जाईल. मार्केट यार्ड, तुमच्याकडे एकच विनंती आहे: दर सोमवारचा परतावा सोडा, मुद्दल मागून पाहा.

मार्केट यार्ड
तुमच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाच्या खात्रीसाठी मुद्दल काढण्याचा अर्ज आताच अॅपवर टाकला. पैसे आले तर तुम्ही इथे तसे लिहायचे.

शाहूपुरीकर
लिहीन. आले नाहीत तर तुम्ही लिहा.

मार्केट यार्ड
अर्ज केल्यापासून "प्रक्रियेत" असे दिसते आहे. सोमवारपर्यंत थांबतो.