रोजावातल्या बायकांना हक्क बंदुकीने दिले का?

रानजाई:
सीरियाच्या ईशान्येला कुर्द लोकांनी स्वतःचा कारभार उभारलेला भाग, रोजावा, म्हटलं की आपल्याकडे एकच फोटो फिरतो: खांद्यावर रायफल घेतलेली हसरी तरुणी. वायपीजे ही बायकांची फौज २०१३ साली झाली, कोबानी शहरात आयसिसशी लढली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण बायकांची संघटना त्याच्या आठ वर्षं आधी, २००५ मध्ये, सीरियाचा हुकूमशहा असदच्या राज्यात लपूनछपून सुरू झाली होती. तिलाच आज कोंग्रा स्टार म्हणतात. पुढे 'माला जिन' म्हणजे बायकांची घरं निघाली, पहिलं २०११ साली कामिश्ली शहरात. नवऱ्याने हात उचलला, बापाने शाळकरी पोरीचं लग्न ठरवलं, की बाई तिथे जाते. पोक्त बायका दोन्हीकडच्यांना समोर बसवून भांडण मिटवतात. खरा बदल तिथे झाला असं माझं ठाम मत आहे.

माळरान:
ताई, पटलं नाही. बालविवाह आणि दुसरी बायको करणं बंद करणारा कायदा २०१४ साली आला. आयसिस दारात असताना तो टिकला कशामुळे? फौज होती म्हणून. जिनवारचंच बघा. बायकांनी मातीच्या विटा पाडून स्वतः बांधलेलं गाव, २५ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालं. वर्षही झालं नव्हतं, ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्कस्तानने हल्ला केला आणि लेकरं घेऊन गाव रिकामं करावं लागलं. त्याच हल्ल्यात हेवरीन खलफ या राजकीय पुढारी बाईला रस्त्यात गाडी अडवून मारलं. तिच्या हातात बंदूक नव्हती.

सुमन_का:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. ज्या पोरींना लग्नापासून वाचवलं म्हणता, त्याच वयाच्या पोरी फौजेत गेल्या. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०१४ मध्ये हे मांडल्यावर १४९ मुलांना सोडावं लागलं, तरी भरती थांबली नाही. आपली पोर कुठल्या तळावर आहे हे आईला कळत नसेल, तर ती दाद कुठे मागणार? माला जिनमध्ये? तिथेही भिंतीवर ओजलानचाच फोटो, ज्याच्या विचारावर ही सगळी चळवळ उभी आहे. चळवळीविरुद्ध चळवळीच्याच घरात कोण बोलेल?

रानजाई:
सुमनताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात रायफल देणं चूकच, कारण कितीही मोठं असो. पण म्हणूनच मी म्हणते, बायकांचं घर फौजेपासून वेगळं उभं राहायला हवं.

माळरान:
आणि ते राखणार कोण? ओजलानच्याच पीकेके या तुर्कस्तानशी लढणाऱ्या कुर्द संघटनेने मे २०२५ मध्ये संघटना विसर्जित केल्याचं जाहीर केलं. जुलैत इराकमधल्या सुलेमानियाजवळ तिच्या तीस जणांनी बंदुका जाळल्या, सगळ्यांच्या पुढे बेसे होझात ही पुढारी बाईच होती. तो निर्णय मला मोठा वाटतो. पण रोजावातल्या बाईला त्यानंतर कोण विचारतंय?

रानजाई:
हाच मुद्दा आहे, दादा. १० मार्च २०२५ ला रोजावाच्या फौजेचे सेनापती मजलूम अब्दी आणि दमास्कसच्या नव्या सरकारचे अध्यक्ष अहमद अल-शरा यांनी करारावर सही केली. त्यात तेलविहिरी आहेत, विमानतळ आहे, सीमेवरची नाकी आहेत. आठ कलमं आहेत. बाई हा शब्द एकाही कलमात नाही. सही करायला बसलेल्यांत फौज होती. माला जिनमधली एकही बाई नव्हती.