मदत हवी आहे: ‘जॅझ’ची १९१३ ते १९१५ मधली नोंद

‘जॅझ’ हा शब्द आधी बेसबॉलच्या बातम्यांत छापला गेला, संगीतात नंतर आला. २ एप्रिल १९१२च्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये पिचर बेन हेंडरसन आपल्या वळणाऱ्या चेंडूला हे नाव देतो. १९१३मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को बुलेटिन’च्या खेळाच्या पानावर त्याचा अर्थ जोम, उत्साह. आणि जुलै १९१५च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये एकदम संगीत! मला मधला दुवा हवा आहे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ (जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह) आणि कॅलिफोर्नियाचा मोफत संग्रह धुंडाळून झाले, शब्दाच्या शेवटी दोन ‘झेड’ऐवजी दोन ‘एस’ लावूनही (jass) शोधलं. पण पुसट छपाई संगणक चुकीची वाचतो, भलतेच शब्द पुढ्यात येतात. सशुल्क संग्रह परवडत नाहीत. कोशातला दाखला नको, मूळ पानच पाहायचंय.

१९१५च्या आधीची शिकागोची वर्तमानपत्रं फुकट कुठे चाळता येतील?